रुक्मीचा पण

आमच्या अमझेऱ्यात अमका-झमकाचं देऊळ आहे. रुक्मिणी लग्नाआधी अंबिकेच्या दर्शनाला इथेच आली आणि इथूनच श्रीकृष्णाने तिला रथात घेतलं, असं गाव मानतं. माझी सासुरवाडी अमरावतीकडची. तिथे वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे आणि रुक्मिणीहरण आमच्याकडेच झालं असं ते लोक छातीठोकपणे सांगतात. माझ्या लग्नात मुलीकडचे आणि मुलाकडचे मानपानावरून भांडले नाहीत, यावरून भांडले. पुराव्याच्या बाजूने बहुधा त्यांचंच पारडं जड आहे. पण हे मी गावात बोलत नाही.

मला स्वतःला रुक्मिणीपेक्षा तिच्या भावाची गोष्ट जवळची वाटते. रुक्मी रथामागे धावला तो पण करून: बहिणीला परत आणल्याशिवाय नगरात पाऊल ठेवणार नाही. हरला. बहीण मध्ये पडली म्हणून जीव वाचला, पण कृष्णाने त्याचे केस आणि मिशा अर्ध्यामुर्ध्या भादरून सोडला. तो घरी गेला नाही. भोजकट नावाचं वेगळं नगर वसवून तिथेच बसला. कीर्तनात या जागी लोक हसतात. मला हसू येत नाही, कारण असाच एक पण मी 1999 साली केला होता. तोही क्रिकेटपायी.

मी बँकेत कॅशियर होतो. पणजोबा शिंद्यांच्या कचेरीत कारकून म्हणून इकडे आले. सत्तावनच्या उठावानंतर राणा बख्तावरसिंहांना इंदुरात फाशी दिली आणि अमझेरा इंग्रजांनी शिंद्यांच्या पदरात टाकलं, तेव्हापासून आम्ही ग्वाल्हेरची रयत. असं असून आमच्या घरात भक्ती होती ती होळकरांच्या संघाची. आबांच्या तोंडी ती नावं आरतीसारखी यायची: सी. के. नायडू, मुश्ताक अली, सरवटे, हिरालाल गायकवाड, निंबाळकर, जगदाळे. 1944-45 पासून 1954-55 पर्यंत अकरा हंगामांत हा संघ दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. चार वेळा जिंकला, सहा वेळा हरला. म्हैसूरविरुद्ध एका डावात आठ बाद 912, आणि त्यात सहा जणांची शतकं. हा आकडा आबा रात्री जेवताना मध्येच, काही कारण नसताना म्हणायचे. आई म्हणायची, "भात वाढू का नऊशे बारा?"

हे सगळं राजाच्या पैशावर चालायचं. नायडूंना होळकरांनी फौजेत हुद्दा दिला, म्हणून ते कर्नल. बरेच जण असेच कुठे ना कुठे दरबारच्या चाकरीत. एक गोष्ट आबा फार रंगवून सांगत. 1945 च्या अंतिम सामन्यात मुंबईने 867 धावांचं आव्हान दिलं. होळकरांकडून खेळायला डेनिस कॉम्प्टन होता, लढाईच्या निमित्ताने हिंदुस्थानात आलेला. म्हणे एका शेटजींनी त्याला कबूल केलं, शंभरानंतरच्या प्रत्येक धावेला इतके रुपये. पठ्ठ्याने नाबाद 249 केल्या. संघ 374 धावांनी हरला आणि शेटजी पैसे द्यायच्या वेळी गावातच नव्हते. खरंखोटं कॉम्प्टन जाणे. पण खेळाचा आणि पैशाचा हिशेब आमच्या मुलखात पहिल्यापासून असा आहे.

1955 चा शेवटचा अंतिम सामना आबांनी इंदुरात, यशवंत क्लबच्या मैदानावर पाहिला. मद्रासकडून 46 धावांनी हार. संस्थान विलीन होऊन सात वर्षं झाली होती. होळकर हे नाव रणजीच्या तक्त्यातून त्या हंगामानंतर गेलंच. मध्य भारत आला, मग मध्यप्रदेश, आणि मग वर्षानुवर्षं काहीच नाही. आबा मात्र चिडलेले मला आठवत नाहीत. हरल्याच्या बातमीनंतर ते वहीत धावा उतरवायचे, पेन्सिल कानाला लावायचे आणि विहिरीवर जायचे.

मी चिडका निघालो. त्याचं मूळ मला वाटतं बास्केटबॉलमध्ये आहे.

धारला कॉलेजात असताना, 1974-75 च्या सुमारास, आमच्या कॉलेजचा बास्केटबॉलचा संघ होता. संघ म्हणजे नऊ मुलगे, एक चेंडू आणि एक शिट्टी. चेंडूचं ब्लॅडर रोज संध्याकाळी सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला जायचं. इंदूरला सामने ठरले आणि मंजूर झालेला पैसा काही येईना. मी खेळत नव्हतो, पण आकडेमोडीत बरा, म्हणून वर्गणी माझ्याकडे. पावतीपुस्तक छापून घेतलं, घरोघर फिरलो, किराणेवाल्यांकडून चार आणे, आठ आणे, एका वकिलाकडून चक्क अकरा रुपये. दोनशे चौदा रुपये जमले. पहिल्याच सामन्यात आम्ही 78-31 असे हरलो. मी वर पायऱ्यांवर बसून घसा फोडून ओरडत होतो: आधी हुरूप द्यायला, नंतर शिव्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या मोटारीआधी मुलगे पोहे-जिलबी मागायला आले. माझ्याकडे चाळीस रुपये शिल्लक होते. मी म्हणालो, लोकांचा पैसा आहे, हरणाऱ्यांच्या नाश्त्याला नाही.

आमच्यातला सगळ्यात उंच मुलगा कॅनव्हासचे फाटके बूट हातात घेऊन उभा होता. तो एवढंच म्हणाला, "भिया, तू बसून हरलास. आम्ही धावून हरलो."

पन्नास वर्षं होत आली. तो प्रश्न अजून माझ्या खात्यावर बाकी आहे: बसून हरलेल्याचा त्या हरण्यावर हक्क काय?

आमच्या घरी चातुर्मासात ज्ञानेश्वरी लागते. दुसऱ्या अध्यायात कर्माचा अधिकार आणि फळाची आशा यांचा विचार येतो, तिथे मी दरवर्षी अडतो. कारण तो उपदेश धनुष्य हातात असलेल्याला आहे. कर्म कर, फळावर डोळा ठेवू नकोस, ठीक. पण ज्याच्या हातात कर्मच नाही, फक्त डोळे आहेत, त्याने काय करायचं? प्रेक्षकाकडे फळाच्या आशेखेरीज दुसरं असतं काय? ती काढून घेतली तर तो मैदानावर यायचाच कशाला?

बरीच वर्षं मला वाटायचं की गीतेत आमच्यासारख्यांना जागाच नाही. मग एका श्रावणात लक्षात आलं, गीतेची सुरुवातच मुळी प्रेक्षकापासून आहे. धृतराष्ट्र विचारतो, माझ्या पोरांनी आणि पांडूच्या पोरांनी तिथे काय केलं? हा सरळ सरळ धावसंख्या विचारणाऱ्याचा प्रश्न आहे. त्यात "माझे" आधी येतात. हा माणूस अठराच्या अठरा अध्याय ऐकतो, सगळ्या जगाला पुरलेलं तत्त्वज्ञान त्याच्या घरात, त्याच्या कानात सांगितलं जातं, आणि त्याला कशाचाही उपयोग होत नाही. शेजारी संजय बसलाय. तोही लढत नाही, तोही नुसता पाहतो. पण शेवटी अंगावर काटा येतो तो त्याच्या. आठवून आठवून त्याला पुन्हा पुन्हा हर्ष होतो. पाहणारे दोन, पाहिलेलं एकच.

प्रवचनकार म्हणतील, मग झालं, संजय व्हा. मला ते पटत नाही. संजय पगारी होता. कॅशियर म्हणून सांगतो, दुसऱ्याच्या नोटा दिवसभर मोजताना मन शांत ठेवणं कठीण नसतं. त्या रणावर त्याचं कुणी मरणार नव्हतं. मला असा कोणी हवा होता की ज्याचा जीव गुंतलाय, ज्याला राग येतो, आणि तरी जो धृतराष्ट्र होत नाही.

1999 साली मध्यप्रदेश अंतिम सामन्यात गेला, बंगळुरात, कर्नाटकाविरुद्ध. कप्तान चंद्रकांत पंडित, मुंबईचा माणूस आमच्याकडे आलेला. पहिल्या डावात आम्हाला 75 धावांची आघाडी. सामना अनिर्णित राहिला तरी करंडक आमचा. शेवटच्या दिवशी नुसतं उभं राहायचं होतं. विजय भारद्वाजने सहा बळी घेतले, आमचा डाव 150 वर आटोपला, 96 धावांनी हार. मी बँकेतून रजा टाकून रेडिओला चिकटलो होतो. उठलो, आबांच्या वह्यांची चळत माळ्यावर टाकली आणि म्हणालो, हे जिंकल्याशिवाय रणजीचं नाव या घरात घ्यायचं नाही. आबा तेव्हा नव्हते. बायको म्हणाली, "कोणावर उपकार करताय?"

नामदेव, जनाबाई विठ्ठलाशी भांडले. त्यांनी त्याला काय काय म्हणायचं बाकी ठेवलंय? तुकोबांचं तर दुकान बुडालं, दुष्काळात घरचं माणूस गेलं, आणि त्याचा जाब त्यांनी देवालाच विचारला. पण यांतल्या कोणी पंढरीची वाट सोडली नाही. शिव्या दिल्या त्या समोर उभं राहून. रुक्मीने शिव्या दिल्या आणि भोजकटला जाऊन बसला. मी माळ्यावर वह्या टाकल्या तो माझा भोजकट. पण करणं म्हणजे राग नव्हे, पण म्हणजे धमकी आहे: तुम्ही जिंका, नाहीतर मी नाही. जणू मी नसल्याने कोणाचं काही अडणार होतं.

यात पैशाचं कोडं वेगळंच आहे. मला आधी वाटायचं की आबांचा भाव निर्मळ होता, कारण त्यांनी त्या संघाला छदाम दिला नव्हता, आणि मी पावती फाडली म्हणून बिघडलो. मग हिशेब मांडला. कर्नल नायडूंचा पगार येत होता होळकरांच्या रयतेच्या शेतसाऱ्यातून. निमाड-माळव्यातल्या कुठल्या शेतकऱ्याने तो भरला, त्याने बॅट डोळ्यांनी पाहिलीही नसेल. आणि आम्ही तर शिंद्यांची रयत! आबा अक्षरशः फुकटे होते. दुसऱ्याच्या सदावर्तात जेवून तृप्त होणं सोपं. तरी मी माझ्या दोनशे चौदा रुपयांवर जितका कातावलो, तितका तो शेतकरी त्याच्या साऱ्यावर कातावला असेल, तर त्याचं कारण निश्चित खरं होतं. माझं नव्हतं. वर्गणी मी गोळा केली होती, दिली नव्हती.

26 जून 2022. रविवार. मी तेवीस वर्षं पण पाळला होता. दुपारी दादरहून मेहुण्याचा फोन. "अभिनंदन हो जावईबापू! हरवलंत आम्हाला." मला कळेना कशाबद्दल. त्याने सांगितलं. पुन्हा बंगळूर, तेच चिन्नास्वामीचं मैदान, समोर एकेचाळीस वेळा जिंकलेली मुंबई. यश दुबे, शुभम शर्मा, रजत पाटीदार, तिघांची शतकं, सहा गडी राखून विजय. आणि प्रशिक्षक कोण, तर तेच चंद्रकांत पंडित. म्हणे भर मैदानात रडले. पोरांनी खांद्यावर घेतलं.

मी एकही चेंडू पाहिला नव्हता. पाच दिवस सामना चालला होता आणि मी गच्चीवर सांडगे वाळत घालत होतो.

पंडित परत आले होते. जिथे हरले तिथेच, दुसऱ्यांची पोरं घेऊन. देवेंद्र बुंदेला 1999 च्या त्या संघात होता. पुढे 2018 पर्यंत खेळला, रणजीचे 145 सामने, आणि करंडक हाताला न लागता थांबला. त्याने कुठे भोजकट वसवला? पण केला तो मी, जो धावला नव्हता.

आणि तरीही सांगतो, फोन ठेवला तेव्हा मला आनंद झाला. रडू आलं. ज्या फळावर माझा कुठल्याच अर्थाने अधिकार नव्हता, ज्याची वाट पाहणंही मी सोडलं होतं, ते गोड लागलं. हे कुठल्या अध्यायात बसवायचं मला कळलेलं नाही. प्रवचनाला येणाऱ्या बुवांना विचारलं तर ते म्हणाले, ही आसक्ती. असेल. पण आसक्तीने मागितलेलं असतं. मी तर तोंड फिरवून बसलो होतो.

त्या संध्याकाळी माळ्यावर चढलो. गुडघे दुखत होते, बायको खालून शिडी धरून बडबडत होती. आबांच्या वह्यांना वाळवी लागली होती. 1955 ची वही मात्र धड निघाली. मद्रासच्या सामन्याचा पूर्ण तक्ता आहे, पेन्सिलीत, आणि शेवटी 46 खाली एक रेघ. पुढचं पान त्यांनी त्याच वेळी आखून ठेवलेलं: गोलंदाज, षटकं, बळी, सगळे रकाने. वर तारखेची जागा मोकळी.

त्याच चळतीत माझं पावतीपुस्तक निघालं. चाळीस रुपये शिल्लक, असं मागच्या पुठ्ठ्यावर माझ्याच अक्षरात. ते मी कॉलेजात जमा केले होते की नाही, काही केल्या आठवत नाही.