शेजाऱ्यासाठीं टोचणी

जी लस टोचून घेतल्यानें आपला ताप टळत नाहीं, शेजाऱ्याचा मात्र टळतो, ती ख्रिस्ती मनुष्यानें घ्यावी काय? हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें, विशेषेंकरून खेडोपाडीं सेवा करणाऱ्या उपदेशक बंधूंपुढें, ठेवितों.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. सन १८९७ त सिकंदराबादेस डॉ. रोनाल्ड रॉस यांना डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु सांपडले, व पुढल्याच वर्षीं कलकत्त्यास पक्ष्यांवर प्रयोग करून, डांसाच्या दंशानें हा रोग पसरतो असें त्यांनीं दाखविलें. रोग्याच्या रक्तांत या जंतूंचीं नर व मादी अशीं रूपें असतात. त्यांचा संयोग मात्र डांसाच्या पोटांतच होतो. नव्या प्रकारच्या लसीनें मनुष्याच्या रक्तांत असें द्रव्य उत्पन्न होतें कीं, डांसानें तें रक्त प्यालें असतां त्याच्या पोटांत जंतूंची वाढ खुंटते. आफ्रिकेंतील माली देशांत अशा लसींच्या चांचण्या झाल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनें सन २०२१ व २०२३ मध्यें ज्या दोन लसींची शिफारस केली (त्यांपैकीं दुसरी पुण्यास तयार होते), त्या निराळ्या. त्या टोचलेल्या बालकाचेंच रक्षण करितात.

“दंड माझा दुखावा व गुण शेजाऱ्यास यावा, हा कोणता न्याय?” असें कोणी विचारील. हा प्रश्न आम्ही स्वार्थी म्हणून झिडकारीत नाहीं. निरोगी लेंकरास सुई टोचतांना आईचें काळीज कांपावें हें साहजिकच आहे. परंतु पुष्कळदां ज्यास ताप नाहीं त्याच्याच रक्तांतून डांस जंतु उचलितो. ‘मीं कोणाचें वाईट केलें नाहीं,’ असें म्हणणारा मनुष्य नकळत शेजारच्या पाळण्यापर्यंत मरण पोंचवीत असतो. काइनानें आपल्या भावाविषयीं देवास जो उलट प्रश्न केला, त्याचें उत्तर येथें डांस देतो. शिवाय गांवांतील बहुतेकांनीं टोचून घेतल्यास शेजाऱ्याची टोचणी माझ्या लेंकरास राखते. दिलेलें असें परत येतें. पण परत येईल म्हणूनच द्यावें, ही प्रीति नव्हे.

मात्र प्रीतीची सक्ति होत नाहीं, आणि तिच्यासाठीं खोटें बोलणेंही योग्य नाहीं. लोकांनीं पुढें यावें म्हणून “तुला ताप येणार नाहीं,” असें उपदेशकानें सांगितलें, तर पुढल्या पावसाळ्यांत ताप येईल व त्याचा शब्द जाईल. मग सुवार्तेविषयींचा त्याचा शब्द तरी कोण मानील? जें खरें तेंच सांगावें, धोका असेल तर तोही सांगावा, आणि निवड ज्याची त्यास करूं द्यावी.

ही लस अद्याप आपल्या गांवीं आली नाहीं. परंतु आपली परीक्षा आधींच सुरू झाली आहे. फाल्सिपेरम जातीच्या हिंवतापांत प्रायमाक्विनची जी गोळी देतात, ती ताप उतरविण्यासाठीं नव्हे, तर रोग्याच्या रक्तांतून डांसास जंतु मिळूं नयेत म्हणून असते. ‘ताप तर गेला,’ असें म्हणून ती कोनाड्यांत ठेवून देण्याचा मोह कोणास होत नाहीं? बंधुभगिनींनो, डॉक्टरांनीं ती दिली असेल तर अवश्य घ्यावी, व घेतांना शेजाऱ्याच्या लेंकरांचीं नांवें प्रार्थनेंत घ्यावीं.