शेताची कड



परमेश्वराने मोशेद्वारे इस्राएल लोकांना एक नियम दिला होता. पीक कापताना शेताच्या कडेपर्यंत जाऊ नका. कडेचे पीक गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या (लेवीय १९). शेत मालकाचे, पण कड शेजाऱ्याची! हा नियम आज आपल्याला काय सांगतो, ते अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या निमित्ताने पाहू या.

या नदीला ३१ राज्यांतून पाणी येते. तिच्या वरच्या खोऱ्यात मक्याची अफाट शेती आहे आणि मक्याला भरपूर नत्रखत लागते. पिकाने न घेतलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने पावसाबरोबर नदीत आणि शेवटी मेक्सिकोच्या आखातात जाते. तेथे त्यावर शेवाळ माजते. ते मरून कुजले की तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपतो. मासे दूर पळतात. ज्या जीवांना पळता येत नाही ते मरतात. २०१७ च्या उन्हाळ्यात असा मृत पट्टा सुमारे २२,७०० चौरस किलोमीटरचा होता. त्याची झळ तेथील कोळंबी पकडणाऱ्या मच्छीमारांना बसते.

पूर्वी या नदीलाही एक कड होती. खालच्या खोऱ्यात तिच्या काठाने ओक आणि सायप्रसची दाट जंगले होती. पूर आला की पाणी झाडांमध्ये पसरून संथ होई. पाण्याखालच्या मातीत हवा शिरत नाही, म्हणून तेथील जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायू होऊन पुन्हा आकाशात जाते. पाचोळा हे त्या जिवाणूंचे अन्न. काही नत्र झाडेही मुळांनी शोषून घेतात. देवाच्या निर्मितीतले हे काम असे कोणाच्या नजरेस न पडता चालते.

१९२७ च्या महापुरात लाखो लोक बेघर झाले. त्यानंतर सरकारने नदीला लांबच लांब, भक्कम बांध घातले. बांधामागची जमीन शेतीला मिळाली आणि बहुतेक जंगल तुटले. कड उरली नाही.

आता दोष कोणाचा? बांध घालणाऱ्याने माणसे वाचवली. शेतकऱ्याने मुलाबाळांसाठी पीक घेतले, जगाला अन्न दिले. यांत कोणाचेही कृत्य पाप म्हणता येत नाही. तरीही शेकडो मैलांवरच्या मच्छीमाराचे जाळे रिकामे राहते.

पवित्र मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबरच जे करायचे राहून गेले त्याचीही क्षमा मागतो. माझ्या मते याचे उत्तर तेथे आहे. हेतू शुद्ध होता एवढ्याने जबाबदारी संपत नाही. माझ्या बांधावरून वाहून गेलेले पाणी कोणाच्या दारात जाते, हे विचारणे माझे कर्तव्य आहे. आपला शेजारी कोण, या प्रश्नाला प्रभू येशूने दिलेल्या उत्तरात गावाची वेस नव्हती.

जंगल सारे धुऊन काढील, असे समजून मात्र हात झटकता येणार नाहीत. मातीचीही मर्यादा असते. शिवाय हे काम अर्धवट राहिले, तर हवा तापवणारा नायट्रस ऑक्साईड बाहेर पडतो. प्रायश्चित्त संस्कार मिळतो म्हणून कोणी पाप करीत राहावे काय? तसेच हे. आधी खत बेताने वापरायचे आणि मग कड राखायची.

१९९० नंतर सरकारी योजनांतून मोबदला घेऊन तेथील अनेक शेतकऱ्यांनी पूर येणाऱ्या सखल जमिनीवर पुन्हा झाडे लावली. कडेचे पीक सोडण्याचाच हा आजचा प्रकार आहे. आपल्यापैकी कोणी युरिया टाकतो, कोणी ओढ्याकाठी घर बांधतो, कोणी गटारात साबणाचे पाणी सोडतो. आपण कोणती कड सोडली आहे?

जे शेजारी आपल्याला कधी दिसणार नाहीत, त्यांच्यासाठी जागा ठेवण्याची कृपा प्रभू आपणांस देवो.