माफ केलेलं कर्ज कोण फेडतं?

मत्तयच्या शुभवर्तमानात येशूनं सांगितलेली एका राजाची गोष्ट आहे. राजा चाकरांचा हिशेब घ्यायला बसतो आणि एकाकडे दहा हजार तालान्तांची बाकी निघते. प्रवचनांत हा आकडा भरभर वाचून पुढं जातात. मला मात्र सगळी गंमत त्या आकड्यातच दिसते. एक तालान्त म्हणजे साधारण 6,000 दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. बाकी झाली 6 कोटी दिवसांच्या मजुरीची. एकही खाडा न करता राबलं तरी फेडायला 1 लाख 64 हजार वर्षं लागतील! येशूच्या काळात गालीलवर हेरोद अंतिपाचा अंमल होता. त्याला साऱ्या मुलखातून वर्षाला 200 तालान्त मिळत, असं योसेफस हा इतिहासकार लिहून गेला आहे. म्हणजे एका चाकराच्या डोक्यावर प्रांताचा 50 वर्षांचा महसूल. ऐकायला बसलेले कोळी आणि शेतकरी बहुधा हसले असतील. त्यात तो चाकर राजाच्या पायाशी लोळण घेऊन थोडी मुदत मागतो, पै न् पै फेडीन म्हणतो.

राजा मुदत देत नाही. सगळंच सोडून देतो. आणि हा गडी बाहेर पडल्या पडल्या एका सोबत्याची गचांडी धरतो, त्याच्याकडून शंभर दिनार यायचे असतात म्हणून. राजाच्या कानावर हे जातं, तेव्हा तो दिलेली माफी मागं घेतो. गोष्टीचा हा शेवट कडक आहे, आणि तो सौम्य करून सांगण्याची धर्मगुरूंना सवय आहे.

महाराष्ट्राला कर्जमाफी नवी नाही. 2008 मध्ये केंद्रानं केली, 2017 आणि 2019 मध्ये राज्यानं. सात-बारावरचा बोजा उतरतो तेव्हा ती रक्कम हवेत विरत नाही. तिजोरीतून बँकेला भरावी लागते, आणि तिजोरी कोणाची यावर मग अधिवेशन गाजतं. येशूच्या गोष्टीत हा वाद नाही, कारण धनको राजा आणि तिजोरीही राजाचीच. चाकराचं देणं ज्या क्षणी मिटलं त्याच क्षणी राजा तेवढ्याच रकमेनं खाली आला. माफ करणाऱ्यानं नुकसान स्वतःकडे घेतलं. ख्रिस्ती श्रद्धेतला त्याग, क्षमा आणि तारण हे तीन शब्द वेगवेगळे पाठ करण्याऐवजी हा एक व्यवहार नीट पाहिला, तर बाकीचं बरंचसं उलगडतं असं मला वाटतं.

कारण वधस्तंभाबद्दलचा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो. देवाला माणसाची पापं माफ करायची होती तर सरळ करायची. त्यासाठी एका निरपराध माणसाचा जीव कशाला घ्यायचा? हा प्रश्न काही निधर्मी लोकांनी शोधून काढलेला नाही. बाराव्या शतकात पीटर अबेलार्ड या ख्रिस्ती पंडितानंच तो विचारला होता. निष्पापाच्या रक्तानं संतुष्ट होणारा देव त्याला क्रूर वाटत होता. त्याच्या आधी काही दशकं कँटरबरीचे आर्चबिशप अँसेल्म यांनी 'देव माणूस का झाला' या नावाच्या ग्रंथात सरंजामी काळाला शोभेल असं उत्तर दिलं होतं: माणसानं देवाचा मान मोडला, त्याची भरपाई माणसानंच करायला हवी, पण ती ऐपत फक्त देवाची, म्हणून देव माणूस झाला. पुढं या मांडणीची इतकी रूपं झाली की काहींमध्ये बाप रागावलेला आणि मुलगा मार खाणारा, असं विचित्र चित्र उरलं. तसलं चित्र शिकलेल्या मुलाला पुढं देवाची भीती वाटली किंवा शिसारी आली, तर दोष त्या मुलाचा नाही.

ख्रिस्ती श्रद्धेच्या मुळाशी मात्र येशू हा देव आणि माणूस यांच्यामध्ये सापडलेला तिसरा कोणी नाही. तो स्वतः देव आहे, असं ती श्रद्धा म्हणते. हे एकदा ध्यानात घेतलं की सगळा व्यवहार उलटा दिसू लागतो. यरुशलेमच्या मंदिरात माणूस देवासाठी कोकरू आणत होता. इथं देवच बळीच्या जागी येऊन उभा राहतो. धनकोनं दुसऱ्याच्या मुलाकडून वसुली केलेली नाही, स्वतःच्या वहीवर रेघ मारून तोटा अंगावर घेतला. ज्याची श्रद्धा नाही त्याला हे पटेलच असं नाही. पण नाकारायचं तर निदान जे म्हटलं आहे ते नाकारावं.

हे सगळं ग्रंथातलं. माणसांच्या हातून ते कसं घडतं, याचं एक उदाहरण इंदूरजवळचं आहे. केरळातल्या पुल्लुवळी गावच्या सिस्टर राणी मारिया 1992 मध्ये देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आल्या. भोवतालचे आदिवासी सावकारांच्या आणि जमीनदारांच्या कर्जात पिढ्यान् पिढ्या रुतलेले. सिस्टरांनी त्यांचे बचतगट बांधले, बँकेचं कर्ज आणि सरकारी योजना कशा मिळवायच्या ते शिकवलं, हक्कांची जाणीव दिली. सावकाराचं दुकान बसवायला एवढं पुरतं. 25 फेब्रुवारी 1995 च्या सकाळी त्या बसनं इंदूरला निघाल्या असताना समुंदरसिंह नावाच्या तरुणानं त्यांच्यावर सुऱ्यानं वार केले. अंगावर पन्नासहून अधिक जखमा होत्या. बस प्रवाशांनी भरलेली होती आणि कोणी मधे पडलं नाही. सिस्टर तेव्हा 41 वर्षांच्या होत्या.

समुंदरसिंहला जन्मठेप झाली. ज्यांनी त्याला पुढं केलं होतं त्यांनी पुढं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि सुटल्यावर त्यांचाच काटा काढायचा असं तो तुरुंगात मनाशी घोळवत होता. स्वामी सदानंद नावाचे एक ख्रिस्ती धर्मगुरू त्याला भेटू लागले. मग 2002 च्या राखीपौर्णिमेला राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि तिनं त्याच्या मनगटाला राखी बांधली. केरळच्या ख्रिस्ती घरातल्या संन्यासिनीला या कामासाठी सापडला तो उत्तरेकडचा हिंदू सण. त्याच्या सुटकेच्या अर्जालाही बहिणीनं आणि राणी मारियांच्या संन्यासिनी-संघानं पाठिंबा दिला. 2006 मध्ये तो सुटला. पुढच्या वर्षी पुल्लुवळीला गेला. मुलीचं रक्त लागलेले ते हात म्हाताऱ्या आईनं हातात घेतले आणि त्यांचं चुंबन घेतलं. मला हे जमलं नसतं. ते कोणाला जमलंच पाहिजे, असंही मी म्हणणार नाही.

कारण एक अवघड आक्षेप इथं उभा राहतो, आणि तो सायमन विझेन्थाल यांच्या 'सूर्यफूल' या पुस्तकात आहे. नाझी छळछावणीत कैदी असताना विझेन्थाल यांना एका मरणपंथाला लागलेल्या एसएस सैनिकाच्या खाटेशी नेण्यात आलं. त्यानं ज्यूंना घरात कोंडून जाळल्याची कबुली दिली आणि एका ज्यूकडून क्षमा मागितली. विझेन्थाल काही न बोलता खोलीबाहेर पडले. मेलेल्यांच्या वतीनं माफी देण्याचा अधिकार मला कोणी दिला, हा त्यांचा प्रश्न, आणि ज्यू परंपरेत त्याला भक्कम आधार आहे. मग राणी मारियांचा खून सेल्मीनं कसा माफ करायचा? माझ्या मते तिनं माफ केलं ते स्वतःचं येणं. बहीण गमावली तो तोटा तिचा होता, तेवढा तिनं सोडला. मारल्या गेलेल्या बाईच्या वतीनं बोलायचा अधिकार ख्रिस्ती श्रद्धा देवाला देते, कारण माणसावरचा प्रत्येक घाव देवावरही पडतो असं ती मानते. इथं दोन धर्मांच्या वाटा फुटतात, आणि उगाच सौजन्य म्हणून ते झाकू नये.

उलट विझेन्थाल यांचा प्रश्न ख्रिस्ती लोकांनीच वारंवार स्वतःला विचारावा अशी स्थिती आहे. आयर्लंडमध्ये 2009 साली मर्फी अहवाल आला. मुलांवर लैंगिक अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना डब्लिनच्या धर्मप्रांतानं वर्षानुवर्षं कसं पाठीशी घातलं, ते त्यात तपशिलानं मांडलं आहे. बोभाटा नको, संस्थेचं नाव आणि मालमत्ता सुरक्षित राहो, ही काळजी मुलांच्या काळजीपेक्षा मोठी ठरली. अशा ठिकाणी क्षमेची भाषा फार गोड वाटते. पण बिशप जी माफी देतो ती कोणाच्या खात्यातून? त्याचा स्वतःचा एक छदामही जात नाही. तोटा सगळा त्या मुलाच्या नावावर. हिटलरच्या जर्मनीत डीट्रिश बोनहोफर या पाद्रीनं 1937 च्या आपल्या पुस्तकात फुकट वाटल्या जाणाऱ्या अशा कृपेवर कोरडे ओढले होते. पुढं 1945 च्या एप्रिलमध्ये त्याला फाशी देण्यात आलं. किंमत ही गोष्ट त्याच्यासाठी नुसती कागदावरची नव्हती.

आणि कायद्याचं काय? 1999 च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं, फिलिप आणि टिमथी, गाडीत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, पण क्षमा वेगळी आणि गुन्ह्याचे कायदेशीर परिणाम वेगळे, हेही स्पष्ट केलं. खटला चालला, मुख्य आरोपीला फाशी झाली, उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली, 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीच कायम ठेवली. ग्लॅडिस 2004 पर्यंत बारीपदाला कुष्ठरुग्णांची सेवा करत राहिल्या. त्यांनी आपलं येणं सोडलं. समाजाचं येणं सोडायचा अधिकार त्यांचा नव्हता आणि तसा आव त्यांनी आणला नाही. क्षमाशील माणसाला भाबडं समजणाऱ्यांनी या बाईंकडे एकदा पाहावं.

राहता राहिलं तारण. लूकच्या शुभवर्तमानात यरीहोचा जक्कय भेटतो. जकातदारांचा मुखिया, गब्बर, आणि लोकांना नकोसा. उंचीनं ठेंगणा म्हणून येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याला खाली बोलावून त्याच्याच घरी मुक्कामाला जातो. त्यानंतर जक्कय उठून जाहीर करतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देईन आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करीन. यातला क्रम पाहण्यासारखा आहे. आधी पैसे परत कर, मग तुझ्याकडे जेवतो, अशी अट येशू घालत नाही. पण पाहुणचार आटोपला आणि पैसे घरातच राहिले, असंही होत नाही. कॅथलिकांच्या पापनिवेदनात पश्चात्ताप आणि कबुलीपाठोपाठ प्रायश्चित्त येतं ते याच कारणासाठी. देणं माफ झालं म्हणजे वागणं बदलायची जबाबदारी माफ झाली असं नाही. गचांडी धरणारा तो चाकर चुकला तो इथंच.

जक्कयचं एक बरं होतं. त्यानं पैसे घेतले होते, आणि पैसे परत देता येतात, चौपटसुद्धा. समुंदरसिंहकडे परत देण्याजोगं काही नव्हतं. तो गावी जाऊन शेती करू लागला. उदयनगरला राणी मारियांच्या समाधीवर जातो, शेतातलं धान्य तिथं वाहतो. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरमध्ये चर्चनं राणी मारियांना धन्य घोषित केलं. धान्याच्या पोत्यांनी त्या खुनाचा हिशेब पुरा होत नाही, हे समुंदरसिंहला कोणी सांगायची गरज नसावी. सेल्मीनं राखी बांधली तेव्हा धान्याची अट घातली नव्हती, तरी तो ते नेतो.