नावाची जामीनकी

बंगळूरच्या पूर्वेस, के. आर. पुरमच्या पलीकडे, दोड्डगुब्बी येथे न्यू आर्क मिशन या ख्रिस्ती सेवासंस्थेचे निराधारगृह आहे. एकेकाळी रिक्षा चालविणारे टी. राजा यांनी १९९७ साली हे कार्य सुरू केले. रस्त्यावर टाकून दिलेल्या, रोगजर्जर, कित्येकदा स्वतःचे नावही न सांगू शकणाऱ्या माणसांना तेथे आसरा मिळतो. अशा कोणत्याही गृहाला धान्य लागते, औषध लागते, मनुष्यबळ लागते. पण या सर्वांच्या आधी लागतो तो लोकांचा विश्वास. दूरचा दाता खाटेपर्यंत येऊ शकत नाही. तो एखादे ओळखीचे नाव शोधतो. म्हणून जगभर सर्वत्र गरिबांसाठी झटणाऱ्या संस्था न्यायमूर्तींच्या, नटांच्या, खेळाडूंच्या, मंत्र्यांच्या दाराशी जातात आणि त्यांच्याकडे पैशापेक्षा नाव मागतात.

नाव देणे ही वरवर पाहता सर्वांत स्वस्त देणगी. तिने तिजोरी रिती होत नाही. वस्तुतः ती देणगी नसून जामीनकी असते. ‘येथे चालते ते योग्य चालते’ असे प्रतिष्ठित माणूस त्या नावाने सांगत असतो आणि ज्याचा कारभार त्याच्या हाती नाही अशा घराची हमी घेत असतो. संस्था धर्मश्रद्धेतून उभी राहिलेली असेल आणि ती श्रद्धा जामीनदाराची नसेल, तर ही हमी अधिकच अवघड होते. हा पेच महाराष्ट्राला नवा नाही. तो पुण्यात १८९३ साली उघडपणे मांडला गेला होता.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. उच्चवर्णीय विधवांना आश्रय व शिक्षण देणे हा त्याचा हेतू. रमाबाई स्वतः १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या होत्या. पैसा येत होता तो अमेरिकेतून. बॉस्टनमध्ये १८८७ साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य देण्याचे ठरविले होते. एडवर्ड एव्हरेट हेल त्याचे अध्यक्ष होते आणि फ्रान्सिस विलर्ड यांच्यासारखी माणसे त्यात होती. मात्र पैसा बॉस्टनचा असला तरी मुली पुण्यामुंबईच्या घरांतून यायच्या होत्या. त्या घरांचा विश्वास अमेरिकन नावांनी संपादन होणार नव्हता. त्यासाठी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची नावे हवी होती. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या अटीवर ते सल्लागार मंडळात आले.

या नावांची किंमत त्या दोघांना चांगली ठाऊक होती. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाच्या पेल्यावरून पुण्यात केवढे वादळ उठले आणि रानडे यांना पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले, हे सर्वश्रुत आहे. मिशनचा चहा जेथे पचत नव्हता, तेथे ख्रिस्ती स्त्रीच्या आश्रमाला जामीन राहणे हे धैर्यच होते.

मग तक्रारी येऊ लागल्या. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली आत जाऊन बसत. बोलावणे नव्हते, तशी मनाईही नव्हती. ‘केसरी’ने प्रखर टीका चालविली. अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी सदनाशी असलेला संबंध तोडला.

त्या उघड्या दाराभोवतीच सारा नैतिक प्रश्न फिरतो. रमाबाईंच्या दृष्टीने दार लावून घेणे म्हणजे ज्या श्रद्धेतून सेवा स्फुरली तीच लपविणे. टीकाकारांच्या दृष्टीने ज्या मुलीचे अन्नवस्त्र एका बाईच्या हाती आहे, तिच्यापुढे त्या बाईच्या प्रार्थनेचे दार उघडे असणे हेच मूक आमंत्रण होते. हा आक्षेप केवळ धर्मद्वेषाचा मानता येत नाही. पुढील काही वर्षांत सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, हेही खरे. आश्रिताची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न कोणत्याही धर्माच्या अन्नछत्राला विचारलाच पाहिजे. परंतु तोच प्रश्न मागे वळवून विचारला तर काय दिसते? केशवपन, एकभुक्त राहणे आणि आयुष्यभराचा कोनाडा ज्या मुलीच्या वाट्याला आला, तिची संमती कोणी घेतली होती? पालक मुलीला परत घेऊन गेले ते बहुधा त्याच कोनाड्याकडे.

येथे जामीनकीची दुसरी बाजू उघड होते. विश्वास अटीवर दिला होता आणि ती अट मोडली अशी खात्री झाली, तेव्हा नाव काढून घेण्यात अप्रामाणिकपणा नव्हता. उलट मौन राखणे हीच पालकांची फसवणूक ठरली असती. पण व्यवहारातला जामीन पळाला तर नुकसान सावकाराचे होते. येथे ते झाले विधवांचे. ज्यांनी अट घातली नव्हती, मोडली नव्हती, जिच्याविषयी त्यांना कोणी विचारलेही नव्हते, त्यांच्या शिक्षणावर त्या वादाचा भार पडला. बॉस्टनचे साहाय्य चालू राहिले म्हणून सदन वाचले. पुढे दुष्काळाच्या वर्षांत रमाबाईंनी केडगावी शेकडो अनाथ मुली आणून जगविल्या.

त्याच सदनातून आणखी एक वाट निघाली. सदनात सर्वप्रथम आलेल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी विवाह केला. त्यापायी मूळ गावाशी जडलेला ग्रामण्याचा जाच सोसला. १८९६ मध्ये विधवांसाठी स्वतःचा आश्रम काढला. तोच पुढे हिंगण्यास गेला. रमाबाईंच्या धर्माविषयी ज्यांना शंका होती, त्यांना कर्व्यांचे हे कार्य हेच खरे उत्तर होते. परक्याच्या अन्नछत्रावर आक्षेप घेण्याचा अधिकार आपली चूल पेटविल्याने येतो. कर्व्यांनी नाव उसने दिले नाही, आयुष्य दिले. म्हणून ते परत मागण्याची वेळ आली नाही.

विसाव्या शतकात हा व्यवहार उलट दिशेनेही चालू लागला. प्रतिष्ठित माणूस संस्थेला नाव देतो, तसाच संस्थेच्या पुण्याईतून आपल्या नावाला उजाळाही घेतो. मदर तेरेसांना चार्ल्स कीटिंग या अमेरिकन धनिकाने मोठ्या देणग्या दिल्या. तो फसवणुकीच्या गुन्ह्यात सापडला तेव्हा मदरनी १९९२ मध्ये न्यायाधीशांना त्याच्यासाठी पत्र लिहिले. त्याने बुडविलेले पैसे सामान्य गुंतवणूकदारांचे होते. याउलट नास्तिक साम्यवादी ज्योती बसू त्यांच्या कार्याविषयी आदर बाळगून होते. त्यांना त्यासाठी मदरच्या श्रद्धेत सामील व्हावे लागले नाही, की आपली लपवावी लागली नाही. मतभेद उघड ठेवून दिलेला पाठिंबा बहुधा अधिक टिकतो.

तेव्हा नाव देऊ नये असा याचा निष्कर्ष नाही. नामवंतांनी हात आखडला तर उपासमार गरिबांचीच होते. परंतु नाव देण्यापूर्वी घर आतून पाहावे, हमी कशाची आणि कशाची नाही हे उघड सांगावे. आणि नाव मागे घ्यायची वेळ आलीच, तर आत राहणाऱ्यांचे पुढे काय याची तजवीज करूनच ते घ्यावे. जामीनदाराचे उत्तरदायित्व संस्थाचालकांपाशी आणि वृत्तपत्रांपाशी संपत नाही. पुण्यात १८९३ साली मुलींना कोणी विचारले नाही. दोड्डगुब्बीच्या खाटेवर पडलेल्या माणसालाही आपल्यासाठी कोण जामीन राहिले आहे हे ठाऊक नसते. तरीही जामीनकी त्याच्याच नावे असते.