दोष नाही, तरी देणे आहे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलचे माग चालतात. समजा, स्मृतिभ्रंश झालेले एक निवृत्त कामगार जुन्या सवयीने तिथल्या कारखान्यात शिरले, त्यांनी बंद माग चालू केला आणि दुरुस्ती करणाऱ्याचा हात कायमचा अधू झाला. इथे पाप कोणाचे, हे विचारायचे कारण नाही. जाणीव नसेल तर कर्माचा दोष लागत नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम 84 मागेही हाच विचार होता. त्याच आधारे 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्नीच्या हत्येच्या खटल्यात महाराष्ट्रातील एका मनोरुग्ण पोलीस शिपायाला निर्दोष ठरवले. तो न्याय मला पटतो. पण शिक्षा टळली म्हणून अधू झालेल्या हाताचा प्रश्न मिटत नाही.

आपल्या परंपरेत पाप वेगळे आणि ऋण वेगळे. देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण माणूस जन्मतःच घेऊन येतो, ते काही चुकीची शिक्षा म्हणून नव्हे. सोलापूरपासून फार दूर नसलेल्या कल्याणीत विज्ञानेश्वरांनी ज्या याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली, ती स्मृती वेड्याला वाटणी नाकारते, पण त्याचे पोषण वारसांवर सोपवते. ती नकाराची बाजू 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने पुसली, हे योग्यच झाले. मात्र मालमत्तेचा पूर्ण हक्क मान्य केला, की तिच्यावरचे देणेही मान्य करावे लागते. 1872 च्या करार कायद्याचे कलम 68 असमर्थ माणसाला पुरवलेल्या गरजेच्या वस्तूंचा खर्च त्याच्या मालमत्तेतून वसूल करू देते. मग अन्नाचे देणे फिटावे आणि जखमेचे बुडावे, हे कसे?

यावर कोणी म्हणेल, अशाने आजारी माणूसच उघडा पडेल. म्हणून जर्मन कायद्यासारखी मर्यादा हवी: त्याच्या निर्वाहाला लागेल तेवढे बाजूला ठेवून उरलेल्यातूनच भरपाई. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घरच्यांवर बोजा पडला तर ते म्हाताऱ्यांना कोंडून ठेवतील. जपानात रुळांवर गेलेल्या 91 वर्षांच्या स्मृतिभ्रंशग्रस्ताच्या पत्नीकडून आणि मुलाकडून रेल्वेने भरपाई मागितली. 2016 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही मुक्त केले. सांभाळणाऱ्याने स्वतः हयगय केली नसेल, तर नात्यामुळे तो देणेकरी ठरू नये. मग उरलेली तूट कोणाची? जपानमधल्याच कोबे शहराने 2019 पासून नागरिकांच्या करात थोडी भर घालून अशा अपघातांसाठी मदत सुरू केली. म्हातारपण आपल्या सर्वांच्याच वाटेवर आहे. जे ऋण एका घराला झेपत नाही, ते गावाने मिळून फेडणे हाच धर्म.