पांच ओळींचा दोष

वऱ्हाडांतील कापसास गुलाबी बोंडअळीनें ग्रासलें, यांत दोष कोणाचा? नागपुरांत हा प्रश्न निघाला कीं सुशिक्षितांचें बोट ताबडतोब शेतकऱ्याकडे वळतें. २००२ सालीं बीटी कापसास सरकारी मान्यता मिळाली तेव्हां अट अशी होती कीं, शेताच्या कडेनें साध्या कापसाच्या पांच ओळी किंवा क्षेत्राचा पांचवा हिस्सा, यांपैकीं जें अधिक असेल तें पेरावें. हेतु हा कीं, त्यांवर पोसलेल्या किड्यांचा विषास न जुमानणाऱ्या विरळ किड्यांशीं संकर होऊन ती शक्ति पसरूं नये. यासाठीं ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅम साधें बी मिळत असे. बहुतेकांनीं तें पेरलेंच नाहीं, आणि २०१७ च्या हंगामांत यवतमाळकडे अळीनें बोंडें पोखरलीं.

शेतकरी निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या ओळींचा तोटा एकाचा व लाभ साऱ्या जिल्ह्याचा होता. शेजारी पेरीत नसतां एकट्यानें पेरणें म्हणजे स्वतःच्या कर्जांत भर घालणें. असला त्याग आम्ही प्राध्यापक मंडळी तरी कधीं करतों काय?

आफ्रिकेंतील बुर्किना फासोनें २००८ सालीं बीटी कापूस लावला. धागा आंखूड निघूं लागला तेव्हां तेथील कापूस कंपन्यांनीं बीजकंपनीकडे नुकसानभरपाई मागितली, स्वामित्वशुल्क अडवून धरलें, व २०१६ पर्यंत पुन्हां जुन्या वाणांकडे वळल्या. तेथें हिशेब मागणारा एक समूह तरी होता. आमच्याकडे पांच एकरांचा धनी कृषिकेंद्राच्या दुकानदाराशीं एकटाच बोलतो, आणि तेंहि बहुधा उधारीवर.