दुर्बीण कोणाची?

आलेख साधाच आहे. आडव्या अक्षावर तरंगलांबी, उभ्या अक्षावर ग्रहाने ताऱ्याचा किती प्रकाश अडवला ते प्रमाण. मधे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला वर-खाली छेदणारी एक बारीक रेघ. मोजमापात किती चूक असू शकते, ते ही रेघ सांगते. या ठिपक्यांमधून चढ-उतारांची एक वक्ररेषा काढलेली आहे. तिच्याच जोरावर २०२५च्या एप्रिलमध्ये जगभर बातम्या झळकल्या की दूरच्या ग्रहावर जीवसृष्टीची चाहूल लागली.

तो ग्रह म्हणजे के२-१८बी. सिंह राशीत, १२४ प्रकाशवर्षांवर, एका लाल खुज्या ताऱ्याभोवती तो ३३ दिवसांत फेरी पूर्ण करतो. ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा थोडा उजेड त्याच्या वातावरणातून गाळून आपल्याकडे येतो. तिथले वायू आपापल्या तरंगलांबीचा उजेड शोषून घेतात आणि जेम्स वेब दुर्बीण ही तूट मोजते. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड २०२३ मध्येच सापडले होते. २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या चमूने डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्या जवळच्या रेणूची खूण दिसल्याचं मांडलं. पृथ्वीवर डायमिथाइल सल्फाइड मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म प्लवकांमुळे तयार होतं, म्हणून एवढी खळबळ. दाव्याची खात्री होती तीन सिग्मा, म्हणजे अशी खूण निव्वळ योगायोगाने उमटण्याची शक्यता हजारात तीन. ऐकायला भक्कम वाटतं, पण शोध म्हणायला पाच सिग्मा लागतात. आणखी निरीक्षणं हवीत, असं खुद्द मधुसूदन यांचंही म्हणणं होतं. मथळ्यांत मात्र ते फारसं उतरलं नाही.

काही दिवसांतच ऑक्सफर्डच्या जेक टेलर यांनी तोच वर्णपट, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला आलेख, तपासला आणि दाखवून दिलं की त्या ठिपक्यांमधून सपाट आडवी रेषासुद्धा चालून जाते. अमेरिकेतल्या संशोधकांनी जुनी-नवी निरीक्षणं एकत्र करून पाहिली. त्यांनाही ठाम पुरावा मिळाला नाही. शिवाय हाच रेणू ६७पी या धूमकेतूवरही आढळला आहे, आणि तिथे समुद्रही नाही, प्लवकही नाहीत.

या प्रकरणाकडे अनेकांनी फजिती म्हणून पाहिलं. मला ते खगोलशास्त्राच्या प्रकृतीचं सर्वांत चांगलं लक्षण वाटतं. दावा करणाऱ्यांच्या हातात जे आकडे होते तेच शंका घेणाऱ्यांच्याही हातात होते, म्हणून ही तपासणी इतक्या लवकर झाली. वेबचा साडेसहा मीटरचा सोनेरी आरसा, पंधरा लाख किलोमीटरवरची तिची जागा, तिच्यावर झालेला सुमारे एक हजार कोटी डॉलरचा खर्च यांबद्दल आपण भरपूर वाचतो. तिची निरीक्षणं बाल्टिमोरच्या संग्रहात आज ना उद्या कोणालाही, फुकट, मिळतात, हे क्वचितच कोणी सांगतं.

ही रीत आपोआप पडलेली नाही. १९९५च्या डिसेंबरमध्ये हबल दुर्बिणीच्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी आपल्या अखत्यारीतला दुर्बिणीचा वेळ सप्तर्षींजवळच्या एका रिकाम्या दिसणाऱ्या तुकड्यावर खर्च केला. शंभर मीटरवर ठेवलेल्या टेनिसच्या चेंडूएवढा तो तुकडा, आणि सलग दहा दिवस दुर्बीण तिकडेच रोखलेली. काही दिसणार नाही, असं जाणत्यांनी बजावलं होतं. दिसल्या सुमारे तीन हजार दीर्घिका. त्याहून धाडसाचं काम त्यांनी पुढे केलं. आधी आपले निबंध छापून घ्यावेत आणि मग आकडे सोडावेत, हा प्रघात मोडून त्यांनी ते तयार होताच जगासाठी खुले केले.

याचं फळ आपल्या दारात आलं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि त्यांचे मार्गदर्शक योगेश वाडदेकर यांना वेबच्या खुल्या सर्वेक्षणात एक दीर्घिका सापडली. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये ते संशोधन जाहीर झालं. अ‍ॅबेल २७४४ हा दीर्घिकांचा गुच्छ आड येतो आणि त्याचं गुरुत्वाकर्षण भिंगासारखं काम करून मागचा उजेड वाढवतं. त्या भिंगातून दिसते एक नीटस चकती, दोन रेखीव भुजा, आणि भुजांवर माळेत ओवल्यासारखे नव्या ताऱ्यांचे पुंजके. विश्व अवघं दीडशे कोटी वर्षांचं असतानाचं हे रूप. इतकी घडी बसलेली सर्पिलाकार दीर्घिका तयार व्हायला कित्येक अब्ज वर्षं लागतात, अशी समजूत होती. दीर्घिकेला नाव दिलं अलकनंदा. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात, आणि या दोन्ही नद्या रुद्रप्रयागला मिळतात. दुर्बीण परक्यांची, निरीक्षणं परक्या चमूंनी आखलेली, आणि नाव गढवालच्या नदीचं!

खुलेपणावर एक आक्षेप आहे आणि तो मला गंभीर वाटतो. ज्याने दोन-दोन वर्षं प्रस्ताव लिहून दुर्बिणीचा वेळ मिळवला, त्याचे आकडे पहिल्याच दिवशी उघडे केले तर मोठी, पैसेवाली विद्यापीठं रातोरात निबंध लिहून मोकळी होतील. तासिका, पेपरतपासणी आणि मंद इंटरनेट यांतून वेळ काढणारा लहान गावातला प्राध्यापक मागे पडेल. म्हणून वेबच्या बऱ्याच निरीक्षणांवर मूळ संशोधकाचा वर्षभर राखीव हक्क असतो. तो असावा, असंच माझं मत आहे. मोठ्या सर्वेक्षणांना मात्र असा हक्क नसतो, आणि तो नसावाच. अलकनंदा त्यामुळेच पुण्यात सापडू शकली.

विद्यापीठांत शिकवणाऱ्यालाही अव्वल संशोधन करता यावं, या विचाराने १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था उभी राहिली. तिचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. तेव्हा दुर्मीळ असलेली साधनं, नियतकालिकं आणि माणसं त्यांनी एका छताखाली आणली. आज निरीक्षणं तर प्रत्येक संगणकावर येऊन थांबली आहेत. ती वापरायला शिकवणारी माणसं हवी आहेत.

महाराष्ट्रातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना म्हणून विनंती आहे. यंदा एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी जुन्या वह्यांतले प्रयोग पुन्हा देऊ नका. के२-१८बीचा वर्णपट उतरवून घ्या, मुलांना ठिपके स्वतः मांडू द्या आणि त्यांतून वक्ररेषा जाते की सरळ, ते त्यांनाच ठरवू द्या.